वीस किलोचा रिकामा रॉड

माझी माय ७८ वर्षांची आहे. पहाटे सव्वापाचला मी दाराची कडी काढली की ती खाटेवरूनच विचारते, "लोखंड कसाले उचलस रे? वावरमा जाय ना, तठे काम काय कमी शे?" तीन वर्षं झाली, प्रश्न तोच.

तिचं काही चुकत नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांनी कपाशी निंदली, वेचली, डोक्यावर गाठोडी वाहिली. अशा घरातला माणूस महिन्याला पैसे भरून जिममध्ये ओझं उचलायला जातो, हे तिच्या डोक्यात बसणं अवघडच. तिला नीट उत्तर मला आजवर देता आलेलं नाही, ते इथं लिहून बघतो. आणखी कुणाच्या घरात कुणी माझ्यासारखंच छाती धडधडून रात्री तीनला उठून बसत असेल, त्याच्या उपयोगी पडलं तर फार बरं वाटेल.

मी धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, काट्यावर कारकून आहे. एकवीस हंगाम झाले. गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन घ्यायचं, कापूस खाली झाला की रिकामी गाडी परत काट्यावर, वजाबाकी करायची, पावती फाडायची. दसऱ्यानंतर जी रांग लागते ती होळीपर्यंत हटत नाही. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची बांधलेली गाठ १७० किलोची. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

२०२२च्या फेब्रुवारीत एका रात्री आमच्या आवारातल्या कापसाच्या ढिगाला आग लागली. जिनिंगमध्ये आग लागायला फार काही लागत नाही. कापसातून आलेला एखादा खडा किंवा खिळा यंत्रात घासला जातो, ठिणगी पडते आणि वाऱ्यासरशी पुढं जाते. धूर आधी मला दिसला. मी ओरडत सुटलो, हमाल बाहेर पळाले. फाटकाजवळ मोजले तर एक पोरगं कमी. एकोणीस-वीस वर्षांचं, सातपुड्याकडून हंगामाला आलेलं. ते रोज त्या ढिगाच्या मागच्या अंगाला झोपायचं, हे मला माहीत होतं, कारण तिथली जागा उबदार असते असं मीच त्याला सांगितलं होतं.

आठ-दहा मिनिटं मी समजत होतो की ते आत आहे.

ते रस्त्यावरच्या टपरीवर मोबाइल चार्ज करायला गेलं होतं. हातात चार्जर धरून चालत आलं आणि "काय झालं, नाना?" म्हणालं. कुणालाही इजा झाली नाही. नगरपालिकेचा बंब आला, पहाटेपर्यंत ज्वाळा विझल्या. पण कापसाची आग वरून पाणी मारलं म्हणून विझत नाही. ढिगाच्या पोटात ती धुमसत राहते. दोन दिवस आम्ही ढीग उकरून पसरत होतो आणि जिथं उकरू तिथं आत लाल ठिपका दिसायचा.

मला वाटलं, विषय संपला. तीन आठवड्यांनी रात्री तीन वाजता जाग आली ती छाती बडवल्यासारखी. तोंड कोरडं, बोटांना मुंग्या, श्वास वरच्या वर. बायकोनं शेजारच्या पोराला उठवलं, त्याच्या गाडीतून जळगावला नेलं. ईसीजी साफ. पंधरा दिवसांनी परत तसंच, परत जळगाव, परत साफ. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तीही साफ. एका डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, त्या मी सात महिने खाल्ल्या. नातेवाइकांपैकी कुणी म्हणालं उष्णता आहे, कुणी म्हणालं नजर लागली. मी स्वतः मनाशी ठरवून टाकलं होतं की हृदय गेलेलं आहे, यंत्राला सापडत नाही इतकंच.

त्या सात महिन्यांत माझं जगणं आक्रसत गेलं. जिना चढला की छातीत धडधड होते, म्हणून जिना बंद केला. चहानं होते, म्हणून चहा बंद. गॅसचं सिलिंडर उचलणं बंद, भरभर चालणं बंद. अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे आखाजी म्हणतात, भाचीला झोका द्यायला उभा राहिलो आणि चार झोक्यांत खाली बसलो, कारण छाती वाजायला लागली. सगळे बघत होते. भाची म्हणाली, "मामा, असू द्या, मी दुसऱ्याला सांगते." ते मला अजून आठवतं.

शेवटी मुलीनं हट्ट धरला. ती फिजिओथेरपी शिकते. तिच्या हट्टामुळं मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. शेजारीपाजारी आम्ही हाडाच्या डॉक्टरांकडे जातोय असं सांगितलं. आता लाज वाटते ती आजाराची नाही, त्या खोट्याची वाटते. त्या डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतलं आणि एक वाक्य बोलले: "तुम्हाला हृदयाचा आजार नाही, तुम्हाला हृदयाच्या ठोक्यांची भीती बसली आहे." पॅनिक अटॅक म्हणतात त्याला. गोळ्या सुरू केल्या. त्या मी सांगितल्याप्रमाणे सव्वा वर्ष घेतल्या आणि त्यांनीच हळूहळू कमी करून बंद केल्या. हे मुद्दाम लिहितोय. व्यायाम सुरू केला म्हणून कुणी आपल्या मनानं गोळी सोडू नये. गोळ्यांनी मला जिमच्या दारापर्यंत उभं राहण्याएवढं बळ दिलं, हे मी विसरणार नाही.

व्यायाम करा, असंही त्यांनी सांगितलं. मी चालायला लागलो. चालणं चांगलंच आहे, पण माझ्या बाबतीत अडचण अशी की चालताना विचारही बरोबरीनं चालायचे. एरंडोल रस्त्यानं दोन किलोमीटर जाऊन येईपर्यंत ती आग माझ्या डोक्यात तीनदा लागून विझायची. मुलगी म्हणाली, "पप्पा, वजनं उचलून बघा."

आमच्या गावात खत-बियाण्याच्या दुकानाच्या वर एक जिम आहे. वर पत्रा, खाली रबराच्या चटया, भिंतीवर बजरंगबलीचा फोटो. चालवणाऱ्या मुलानं चार वर्षं पोलीस भरतीची तयारी केली, शेवटच्या वेळी थोडक्या गुणांनी राहिला आणि मग हे सुरू केलं. तिथं बहुतेक भरतीवालीच पोरं येतात. मी त्यांच्या बापाच्या वयाचा. जानेवारीतली कडाक्याची थंडी, मी स्वेटर आणि कानटोपी घालून गेलो होतो. हृदयाची तपासणी झाली आहे का, हे त्यानं आधी विचारलं, कागद बघितले, मगच हात लावू दिला.

पहिल्या दिवशी त्यानं खांद्यावर रिकामा रॉड दिला. २० किलो. माझ्या काट्यावर २० किलो म्हणजे आकड्याचे दोन टप्पे, कारण आमचा काटा १० किलोच्या खाली बघतच नाही. खाली बसायचं, उठायचं. दहा वेळा. सातव्या बैठकीला छाती वाजायला लागली आणि आठव्याला सगळं आलं. कोरडं तोंड, मुंग्या, तेच रात्रीचं सगळं. रॉड कसाबसा स्टँडवर टाकला आणि बाकावर बसलो. म्हटलं, "सर, छातीत होतंय."

तो समोर उकिडवा बसला. "नाना, दुखतंय का? डाव्या हातात, जबड्यात काही?" नव्हतं. "मग बोटं इथं ठेवा," म्हणून त्यानं माझीच दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा." मोजले, ३४. म्हणजे १३६. तो काही बोलला नाही, माझ्याबरोबर घड्याळाकडे बघत बसला. एका मिनिटानं परत मोजायला लावलं, २८ आले. आणखी दीड मिनिटानं २४.

एकवीस वर्षं आकडे बघणाऱ्या माणसाला आकड्याशिवाय काही पटत नाही. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धडधडीचा आकडा खाली उतरताना बघितला. भरलेली गाडी, रिकामी गाडी. कुणी गोळी दिली नाही, कुणी पाणी मारलं नाही, मी पळून गेलो नाही, तरी ती आपसूक उतरली. "आता दुसरा सेट," तो म्हणाला. मी उठलो.

मायला मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे खरं तर. रात्री धडधड सुरू व्हायची तेव्हा तिला कारण नसायचं, म्हणून डोकं कारण शोधत फिरायचं आणि त्याला आग सापडायची, ते पोरगं सापडायचं, माझं मरण सापडायचं. जिममध्ये ती धडधड मी स्वतः आणतो. मला ठाऊक असतं ती का आली आणि किती वेळ राहणार. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला पंधरा-सोळा वेळा ती चढते आणि उतरते. असं महिनोन् महिने झालं की शरीर शिकतं. मुलगी म्हणते, ज्या लक्षणांची भीती बसलेली असते तीच लक्षणं सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा अनुभवायला लावणं ही पॅनिकवरच्या उपचारातली जुनी, मानलेली पद्धत आहे. आमच्या सरांना ते नाव माहीत नव्हतं. त्यानं घड्याळ दाखवलं.

मुलीनं मला आणखीही वाचून दाखवलं आहे. २०१८ साली 'जामा सायकायट्री' या नियतकालिकात ३३ चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला होता, त्यात १,८७७ माणसं होती. वजनाच्या व्यायामानं उदासीची लक्षणं कमी होतात, असं त्यातून निघालं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त भावली. माणसाची ताकद किती वाढली याच्याशी त्या फायद्याचा संबंध दिसला नाही. म्हणजे १०० किलो उचलणाऱ्यालाच बरं वाटतं असं नाही. त्याआधीच्या वर्षी त्याच मंडळींनी चिंतेवरच्या १६ चाचण्या तपासल्या, तिथं फायदा दिसला पण लहान. २०२४ला 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २१८ चाचण्यांचा अभ्यास आला, त्यात उदासीवर चालणं-धावणं, योग आणि वजनाचा व्यायाम हे तिन्ही उपयोगी ठरले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करायला सांगते. बाकी शास्त्र मला कळत नाही. पण या आकड्यांमुळं माझ्यासारख्याला धीर आला, की आपल्याला जे झालं ते नुसतं मनाचे खेळ नव्हते.

आता मायच्या प्रश्नाचा अवघड भाग. वावरात काम काय कमी आहे? आमच्या जिनिंगमधले हमाल दिवसभर सरकीची पोती उचलतात. वजन उचलल्यानं मन सुधारत असतं, तर ती माणसं तालुक्यात सगळ्यांत सुखी असायला हवी होती. तशी ती नाहीत. कंबर धरून बसलेली असतात, रात्री पोटात दारू गेल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. मी यावर बराच विचार केला आहे. हमालाला पोतं निवडता येत नाही. अंगात ताप असला तरी वजन तेवढंच आणि गाडी भरेपर्यंत थांबायचं नाही. दोन पोत्यांमध्ये त्याला कुणी बसून मनगटावर बोटं ठेवू देत नाही. आज कमी उचल, उद्या सुट्टी घे, स्नायूला आराम दे, असं त्याला म्हणणारं कुणी नाही. मी रॉड उचलतो तेव्हा तो कधी ठेवायचा हे माझ्या हातात असतं. ओझ्यात आणि व्यायामात मला हाच फरक दिसतो, आणि त्या फरकासाठी मी पैसे भरतो. ज्यांच्या जिवावर जिनिंग चालते त्यांना तो फरक परवडत नाही, याचं मला वाईट वाटतं. मुकादमाशी बोलून मी दोन गोष्टी करवून घेतल्या. जड पोती दोघांनी उचलायची, आणि दर गाडीनंतर दहा मिनिटं सावलीला बसायचं. हंगामाच्या घाईत ते दरवेळी पाळलं जात नाही. पण मी काट्यावरून बघतो आणि आठवण करून देतो.

माझे वडीलही तालमीत जायचे. लाल माती, त्यात तेल, ताक, हळद. जोर आणि बैठका. जत्रेत नारळाच्या कुस्त्या खेळले, कधी मोठी कुस्ती मारली नाही. पण माय सांगते की कापसाला भाव मिळाला नाही त्या वर्षीही ते पहाटे तालमीत गेले आणि येताना शांत असायचे. ती ही गोष्ट सांगते आणि त्याच तोंडानं मला लोखंड कशाला म्हणते. एकदा मी तिला तसं म्हणालो. ती गप्प बसली, मग म्हणाली, "त्यासनी गोष्ट येगळी व्हती."

मी एक वही ठेवली आहे. काट्याच्या जुन्या पावत्यांच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली. त्यात तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. सुरुवातीची पानं २०, २०, २०, २२.५ अशी आहेत. आज बैठकीला ६० आणि डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलून उभं राहण्याला, ८० आहे. तिथली पोरं सरावाला याहून जास्त मारतात, त्यानं मला काही फरक पडत नाही. वाईट दिवस आजही येतात. त्या दिवशी डोकं सांगतं, तुझं काही सुधारलेलं नाही, सगळं होतं तसंच आहे. डोक्याशी वाद घालून मी कधी जिंकलो नाही. मी वही उघडतो. तिथं निळ्या शाईत लिहिलेलं असतं आणि मी माझ्या हातचा आकडा खोटा मानू शकत नाही.

झोप सुधारली ती साधारण तिसऱ्या महिन्यात. आधी व्यायामाच्या दिवसापुरती, मग रोजची. भूक लागायला लागली. कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ पूर्वीही खात होतो, आता चव लागते. चहा परत सुरू केला. बायको म्हणते माझं चिडणं कमी झालं. ते तिनंच सांगावं, मला माझं चिडणं दिसत नव्हतं.

पावडरीबद्दल लोक विचारतात. मी घेत नाही, अंडी आणि शेंगदाणे पुरतात. पण इंजेक्शनं घेणारी पोरं आता लहान गावांतही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. स्टेरॉइडनं दंड फुगतो, पण चिडचिड वाढते आणि बंद केलं की माणूस उदासीत जातो. मन बरं करायला आलेल्यानं तरी तिकडं जाऊ नये. आणि ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, हलक्या वजनानं, श्वास न कोंडता करावं. आमचे सर अजूनही दर सेटला ओरडतात, "नाना, श्वास सोडा!"

ज्याला आज रात्री कुणाशी बोलावंसं वाटत असेल त्यानं १४४१६ लावावा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मी आजारी पडलो तेव्हा ती नव्हती, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. असती तर गॅसच्या गोळ्यांचे किमान काही महिने वाचले असते.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. रात्रपाळीला ढिगाच्या मागच्या अंगाला मी एकटा जात नाही, कुणाला तरी सोबत घेतो. ते पोरगं पुढच्या हंगामाला परत आलं होतं. मी त्याला झोपायला ऑफिसच्या व्हरांड्यात जागा दिली. का दिली, ते त्याला सांगितलं नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला जाग आली. घरात धुराचा वास. मी ताडकन उठून बसलो आणि छाती सुरू झाली, अगदी तशीच. बायको उठली, "अहो, गाडी बोलावू का?" म्हणाली. मी म्हटलं, थांब. ओट्यावर येऊन बसलो. नाल्यापलीकडच्या वावरात कुणीतरी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पेटवल्या होत्या, हंगाम संपला की पेटवतात तशा. बांधावर दोन माणसं काठ्या घेऊन उभी होती, एकाच्या विडीचा ठिपकाही दिसत होता. मी दोन बोटं मनगटावर ठेवली. भिंतीवरचं घड्याळ उंबऱ्यातून दिसत होतं. ३५. बायको शेजारी येऊन बसली, काही बोलली नाही. २९. वारा फिरला आणि धूर दुसरीकडे गेला. २३.

आत जाऊन झोपलो. सव्वापाचला कडी काढली तेव्हा मायनं खाटेवरून विचारलं, "रातले काय व्हयनं रे?"

"काही नाही गं माय, पऱ्हाट्या जाळत होते," म्हटलं, आणि चपला घातल्या. मंगळवार होता, बैठकांचा दिवस.